पाऱ्याच्या पातळीत डोळा

बाईंचे आणि दशांशाचे जुळत नाही, ही बातमी प्रयोगशाळेच्या चहाच्या टेबलापर्यंत पोचायला फार दिवस लागले नाहीत. भांडण झालेले नव्हते. जुळत नव्हते ते त्यांचे आकडे, आणि त्या इमारतीत ही गोष्ट भांडणापेक्षा गंभीर होती.

दाबमापकांची तपासणी हे त्यांच्या विभागाचे काम. बॉयलरवरच्या तबकड्या, सिलिंडरवरचे काटे, दवाखान्यांतली रक्तदाबाची यंत्रे. जगात जे जे म्हणून दाब दाखवते आणि कधी ना कधी खोटे दाखवू लागते, ते तिथे येऊन पडे. निवाडा शेवटी एकाच ठिकाणी होई. भिंतीवर माणसापेक्षा उंच अशी काचेची नळी उभी बसवलेली होती, तिच्यात पारा आणि तिच्यामागे बारीक रेघांची पट्टी. सगळे तिला नुसते ‘स्तंभ’ म्हणत. स्तंभ दोघांनी वाचायचा, अशी तिथली रीत. एकाने वाचून आकडा लिहायचा, कागद पालथा घालायचा, मग दुसऱ्याने वाचायचे. दोन्ही जुळले तर काम पुढे सरके. नाही जुळले तर पुन्हा पहिल्यापासून.

स्तंभ वाचण्याचा नियम एकच, पण तो मोडला तर सगळेच मोडते. डोळा पाऱ्याच्या पातळीत हवा. डोळा खाली असेल तर नजर तिरपी वर चढते आणि मागच्या पट्टीवरची वरची रेघ दिसते. डोळा वर असेल तर खालची. त्यासाठी नळीमागे आरशाची एक अरुंद पट्टी सरकवायची सोय होती. आरशात आपला डोळा पाऱ्याच्या कडेशी बरोबर आला की समजायचे, पातळी साधली. कोणी वाकून साधे, कोणी स्टुलावर चढून.

बाईंना मात्र, निदान नेहमीच्या खुणेला, यातले काहीच लागत नसे. स्तंभ बसवायचा होता त्या दिवशी फिटरने विचारले होते, “किती उंच घेऊ?” तेव्हाच्या साहेबांनी खोलीत नजर फिरवून सर्वांत उंच असलेल्या बाईंना भिंतीशी उभे केले आणि म्हणाले, “जिथं सगळ्यात जास्त तपासण्या होतात, ती खूण हिच्या डोळ्यासमोर येऊ द्या.” तेव्हापासून बाई त्या खुणेसमोर नुसत्या उभ्या राहत आणि आकडा लिहून मोकळ्या होत. दशांश स्टूल ओढून, आरसा लावून, एक डोळा मिटून वाचेपर्यंत त्यांचा कागद पालथा पडलेला असे.

दशांश हे अर्थातच त्याचे नाव नव्हते. मुले किती, या प्रश्नालाही “आजमितीला दोन” असे उत्तर देणाऱ्या माणसाला विभागाने दुसरे काय म्हणायचे?

आणि आता बाईंचा आकडा दशांशाच्या आकड्यापेक्षा वर येऊ लागला होता. फार नाही, केसभर. पण रोज येत होता आणि प्रत्येक वेळी वरच्याच बाजूला येत होता.

माणसे चुकतात असे त्या विभागात सहसा कोणी म्हणत नसे. आधी यंत्रावर संशय घ्यायचा, हा शिरस्ता. त्याप्रमाणे पारा उपसून गाळून घेतला. नळी बदलली. खोलीचे तापमान सकाळसंध्याकाळ तपासले. भिंतीला ओळंबा लावून पाहिला. पट्टी काढून दुसऱ्या पट्टीशी ताडून पाहिली. यंत्र निर्दोष निघाले. मग नजरा, हळूच आणि अत्यंत सभ्यपणे, बाईंच्या हातांकडे वळल्या.

बाईंना आमवात होता. पस्तिशीत सुरू झालेला, आता साठीच्या उंबरठ्यापर्यंत सोबत आलेला. बोटे मुळापासून एका बाजूला कललेली, मनगटे जाड झालेली, सकाळी मूठ वळायलाच तासभर लागे. पट्टी सरकवायचा बारीक स्क्रू बाई चिमटीत न धरता दोन बोटांच्या पेरांमध्ये धरून फिरवीत आणि अचूक फिरवीत. पण वाकडी बोटे दिसतात, अचूकपणा दिसत नाही.

“बाई, बसा ना,” साहेबांनी त्यांना खोलीत बोलावून म्हटले. हे साहेब नवे आणि बाईंपेक्षा बरेच लहान. वाईट बातमी देताना आवाज मऊ करण्याची कला मात्र त्यांनी लवकर आत्मसात केली होती. “पुढच्या महिन्यात बाहेरचे परीक्षक येतायत. स्तंभाचे आकडे असे दोन दिशांना पळाले तर आपली मान्यता जाईल. मी म्हणत होतो, तुम्ही प्रमाणपत्रांचं काम बघा. टेबलाशी बसून. हातांना आराम.”

“चूक हातांची आहे, हे कोणी तपासलं?”

“अहो, तसं कोणी म्हणत नाहीये.”

“म्हणत नाहीये, तरी टेबल द्यायला निघालाय.”

“बाई, तुमच्या काळजीनंच सांगतोय.”

“काळजी नको, साहेब. पुरावा द्या. परीक्षक येईपर्यंत स्तंभ माझ्याकडे राहू दे. तोवर कारण सापडलं नाही, तर मी स्वतः टेबल उचलून नेईन.”

साहेबांनी मान हलवली. बाईंनी ती होकारार्थी धरली.

घरी वेगळीच परीक्षा वाढून ठेवलेली होती. थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, दोन वर्षांपूर्वी व्हिटॅमिन डीचा साक्षात्कार झाला होता. त्याआधी तिला तांब्याच्या भांड्यांचा झाला होता आणि त्याहीआधी अनवाणी चालण्याचा, पण ते ओसरले, हा टिकला. अडचण अशी, की यावेळी ताईचे निम्मे म्हणणे बरोबर होते. बाईंच्या रक्तात डी खरोखरच कमी निघाले होते. आमवाताच्या पुष्कळ रोग्यांत ते कमी असते, हाडांना कॅल्शियम मिळायला ते लागते आणि ते भरून काढणे योग्यच असते, हे बाईंनी स्वतः वाचून, डॉक्टरांना विचारून मान्य केले होते. आठवड्याची गोळी त्या न चुकता घेत. त्यांचे भांडण उरलेल्या निम्म्याशी होते. डीने सांधे सुटतील, सूज जाईल, बोटे सरळ होतील, मूड सुधारेल, अशी ताईची यादी दर भेटीत वाढत असे. निम्मे खरे असलेले म्हणणे खोडून काढण्याइतके वैतागवाणे काम दुसरे नाही.

त्या आठवड्यात बाईंचे अहवाल आले. रक्तातले डी उत्तम होते. हाडांच्या घनतेच्या स्कॅनमध्ये खुबा आणि कमरेचे खालचे मणके मागच्यापेक्षा थोडे उतरले होते; पण कमरेचा पहिला मणका चांगलाच वर चढला होता. ताईने कागद हातात घेतला, तो एक आकडा वाचला आणि बाकीचे वाचायची गरज तिला भासली नाही.

“बघ लंबू! बघ! मी म्हणत होते की नाही?” लहानपणी घरात सगळ्यांच्या डोक्यावरून बघणाऱ्या या धाकट्या बहिणीला ती अजून लंबूच म्हणे. “हाड भरतंय! आणखी थोडं उन्हात बसलीस ना, तर बाकीचेही भरतील.”

“ताई, बाकीचे उतरलेत.”

“उतरतील नाहीतर काय? बसतेस कुठे तू उन्हात?”

“मग पहिला एकटाच कसा चढला? ऊन काय फक्त त्याच्यावर पडलं?”

“तुला मेलीला चांगलं झालेलं बघवतच नाही,” ताई म्हणाली आणि भाच्यांना, जावेला आणि शेजारणीला आनंदाची बातमी कळवायला फोन घेऊन गॅलरीत गेली.

बाई कागद पुढ्यात घेऊन बसल्या. एकाच नळीवर चार मापके लावली, तीन घसरली आणि चौथ्याने एकदम उडी मारली, तर त्यांच्या विभागात चौथ्याचे अभिनंदन करीत नसत. त्याला दुरुस्तीला पाठवीत. वर्षानुवर्षे आमवात हाड कुरतडतो आहे, तो आवरायला स्टेरॉइडची छोटी गोळी चालू आहे, तीही हाड कुरतडते. आणि अशा मुलखात एकच मणका सुखाने बाळसे धरतो?

हीच शंका घेऊन त्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर भले होते, पण बाहेर बाकांवर जागा उरलेली नव्हती आणि ते त्यांच्या बोलण्याच्या वेगात ऐकू येत होते.

“मॅडम, डी छान. मणका छान. हाडांचं जड औषध सुरू करायचा विचार होता, तो पुढे ढकलू या. अशी बातमी मी रोज देत नाही.”

“मला ती पटत नाही. आणि पाठ दुखते. मध्ये प्रयोगशाळेत वजनांची पेटी उचलताना एकदम भरली, तेव्हापासून.”

“आमवात आहे, पाठ दुखणारच.”

“आमवात कमरेच्या मणक्यांत सहसा जात नाही, असं तुम्हीच मला सांगितलं होतं.”

डॉक्टर हसले. “तुम्ही फार वाचता. स्नायू धरला असेल. शेक द्या. पुढच्या वेळी बघू.”

बाहेर येताना बाईंच्या मनात आले, की आपले हात दुखतात यावर जगाचा इतका विश्वास आहे, की आता बिघडलेली कोणतीही गोष्ट हातांच्याच खात्यावर पडते. आणि रक्तातला एक आकडा इतका गोजिरवाणा आहे, की त्यापुढे कोणाला दुसरे काही बघायचेच नाही. कोणावर चिडावे हे धड ठरत नव्हते, त्यामुळे त्या रिक्षावाल्यावर चिडल्या. तो बिचारा बरोबर रस्त्याने चालला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्तंभाची जुनी आणि नवी वाचने काढून ती खुणांप्रमाणे वेगळी लावली. हे आधी कोणी केले नव्हते, कारण बोभाटा नेहमीच्या, मधल्या खुणेचा होता आणि सगळे तिथेच पाहत होते. काही क्षणांत बाई खुर्चीत मागे टेकल्या.

“दशांश, इकडे या. खालच्या खुणांना आपले आकडे जुळतात.”

“हो.”

“वरच्या खुणांनाही जुळतात.”

“तिथेही जुळतात,” दशांशाने जरा वेळ कागद न्याहाळून कबूल केले.

“स्क्रू तोच. हात हेच. हात वाकडे असतील तर ते फक्त मधल्याच खुणेला वाकडे होतील का?”

दशांशाने हरकत काढली नाही. त्याच्या बाबतीत हे संमतीचे लक्षण होते. मग तो म्हणाला, “खाली तुम्ही आरसा लावून वाकून वाचता. वर स्टुलावरून, आरसा लावून. मध्ये आरसा लावत नाही. बोलणार होतो मी, पण तुम्ही म्हणाला असता...”

“काय म्हणाले असते?”

“मागं एकदा म्हणाला होतात. ‘आरसा बुटक्यांसाठी असतो.’”

बाईंना ते आठवले. तेव्हा सगळे हसले होते, दशांशही.

त्या उठल्या. पारा मधल्या खुणेवर आणून ठेवला. समोर नेहमीच्या जागी, नेहमीसारख्या उभ्या राहिल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या खुणेमागे आरसा सरकवला. पाऱ्याची चकचकीत कड आरशात दिसली. तिच्याशी डोळा दिसायला हवा होता. तिथे कपाळ होते. डोळा बराच खाली, कुणी तळघराच्या खिडकीतून वर पाहावे तसा, त्यांच्याकडे पाहत होता.

बाईंनी टाचा उचलल्या. पावलांचे सांधे ठणकले. डोळा कडेशी आला. त्यांनी आकडा वाचला आणि कागद पालथा घातला.

दशांशाने स्टूल ओढले, आरसा नीट केला, एक डोळा मिटला. मग कागद उलटला.

“जुळलं,” तो म्हणाला.

“भिंत वर सरकली आहे का?”

“ओळंबा आपणच लावला होता, बाई. भिंती वर सरकत नसतात.”

“मग मी खाली आले.”

दोघेही स्तंभाकडे पाहत राहिले. महिनाभर त्यांनी पारा गाळला होता, नळी बदलली होती, पट्टी काढून घातली होती. खोलीत एवढीच एक वस्तू तपासायची राहिली होती, आणि ती समोर उभी राहून बाकीच्यांची तपासणी करीत होती.

दवाखान्यात त्या वेळ न घेताच जाऊन थडकल्या. परिचारिकेने नेहमीप्रमाणे वजन घेतले आणि नेहमीप्रमाणे मान वर न करता विचारले, “उंची?”

बाईंचे तोंड उघडले. आकडा जिभेवर होता. कॉलेजात मोजलेला, तेव्हापासून प्रत्येक भेटीत तोंडपाठ सांगितलेला. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘शेवटचे कधी तपासले होते?’ असे दरडावून विचारणारी बाई पस्तीस-चाळीस वर्षे न मोजलेली उंची ठणकावून सांगत आली होती. बाईंना स्वतःची इतकी चीड आली, की आवाज नको तितका चढला.

“मोजा.”

“अहो, मागचीच घालते ना. उंची थोडीच बदलते?”

“मोजा म्हणते ना.”

उंचीची पट्टी कोपऱ्यात होती. तिच्यावर कोणाची तरी पर्स आणि दोन पिशव्या टांगलेल्या होत्या. त्या काढल्यावर बाईंनी खालची सतरंजीही काढायला लावली, कारण सतरंजीवर उभे राहून घेतलेल्या उंचीत सतरंजीही मोजली जाते. परिचारिकेने सुस्कारा सोडून पट्टी डोक्यावर टेकवली, आकडा वाचला, बाईंच्या मागच्या आकड्याकडे पाहिले आणि पुन्हा वाचला.

“मागं चुकीचं घेतलं असेल,” ती पुटपुटली.

“मागं घेतलंच नव्हतं.”

दोन बोटे उंची गेली होती. यावेळी डॉक्टरांनी घाई केली नाही. पाठीचा एका बाजूने एक्स-रे काढवला आणि तो दिव्यासमोर धरून ते इतका वेळ एकेक मणका पाहत राहिले, की बाहेरच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. इतर मणके चौकोनी ठोकळ्यांसारखे होते. कमरेचा पहिला पुढून चेपून पाचरीसारखा झाला होता, आणि त्याच्या वरचाही थोडा.

“दबलाय,” डॉक्टर म्हणाले. “बहुतेक ती पेटी उचललीत तेव्हाच.”

“आणि स्कॅनमध्ये चढलेला दिसला तो हाच.”

“तेवढंच हाड, कमी जागेत. म्हणून दाट दिसलं.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ती सुधारणा नव्हती, मॅडम. मोडतोड होती. मी तेव्हाच एक्स-रे काढायला हवा होता.”

“मी तेव्हाच सांगत होते,” असे बाईंच्या अगदी ओठांवर आले. पण स्वतःची उंची आपणच इतकी वर्षे मोजली नव्हती, म्हणून त्यांनी ते गिळले. “आता?”

“आता हाडांचं औषध लगेच. स्टेरॉइड कमी करत आणू, आमवाताचं मूळ औषध बदलू. डी चालूच राहील. जड उचलायचं नाही. आणि पडायचं नाही.”

“ते मी ठरवून करत नाही.”

संध्याकाळी ताई आली. बाईंनी तिला सगळे सांगितले. ताईने तो एक्स-रे खिडकीशी धरून उलटसुलट पाहिला.

“म्हणजे डी कमी पडलं का गं?”

“नाही! ताई, डी पुरेसं होतं! डी म्हणजे विटा आणून देणारी गाडी. गाडी वेळेवर येत होती. पण इकडं आमवात आणि स्टेरॉइड मिळून भिंत पाडतायत, त्यांना गाडीवाला कसा थांबवणार? गाडी बंद करायची नाही. पण गाडी आली म्हणून घर झालं, असं धरून बसायचं नाही. एवढंच तर मी दोन वर्षं सांगतेय!”

आवाज फारच वर गेला होता. एक्स-रे पाकिटात घालताना ताईला दोनदा प्रयत्न करावा लागला.

“मग आता तुला लंबू म्हणायचं नाही का?” तिने खाली बघूनच विचारले.

“म्हण,” बाई म्हणाल्या. “अजून तुझ्यापेक्षा उंच आहे.”

“बरं.” ताईने डोळे पुसले, दाराशी गेली आणि चपला घालता घालता म्हणाली, “तरीपण सकाळी थोडं उन्हात बसलीस तर काही बिघडत नाही हं.”

बाईंनी कपाळाला हात लावला.

साहेबांना कारण पटायला वेळ लागला नाही. यंत्राचा दोष नाही, हातांचा नाही, आणि तो दुरुस्त करता येतो, यापेक्षा त्यांना काय हवे होते? “मग झालंच की,” ते उत्साहाने म्हणाले. “तुम्हीही मधल्या खुणेला स्टूल घ्या. दिवसाकाठी चारदा चढायचं-उतरायचं, एवढंच.”

“वरच्या खुणांना चढत होते, तेही बंद. त्या आता दशांश आणि पलीकडच्या टेबलावरच्या बाई वाचतील. स्टुलावरून पडले तर दुसरा मणका जाईल. मधली खूण मी वाचीन, जमिनीवरून. स्तंभ खाली घ्या.”

“स्तंभ? अहो, तो प्रमाण आहे! हलवला तर सगळं पुन्हा तपासावं लागेल. विभाग आठवडाभर बंद राहील.”

“यंत्रावर आणि माझ्या हातांवर संशय घेण्यात तुम्ही महिना घालवलात. आठवडा आहे तुमच्याकडे. परीक्षकांना कारण काय सांगायचं तेही सांगते. वाचकाची उंची घटली, यंत्र त्यानुसार बसवले. आणि यापुढे मधल्या खुणेलाही आरसा. मलासुद्धा.”

साहेबांनी दशांशाकडे पाहिले. दशांशाने स्वभावाप्रमाणे पुढची शंका काढली. “आणि बाई, आणखी आखडलात तर?”

“तर आरशात डोळा पुन्हा खाली दिसेल. औषध लागू पडत नाही हे मला डॉक्टरांच्या आधी कळेल.”

मागच्या वेळचा फिटर कधीच निवृत्त झाला होता. नव्या फिटरने स्तंभ धरून ठेवणारे कंस सैल केले, पेन्सिल कानावरून काढली आणि बाईंना भिंतीशी उभे केले. बाईंनी टाचा टेकवल्या, हनुवटी सरळ केली. पाठीत, नेमकी त्या पाचरीच्या जागी, कळ आली. फिटरने डोळ्याच्या रेषेत पेन्सिल धरली आणि थांबला. वर भिंतीवर मागच्या फिटरने डोळ्याच्या रेषेत मारलेली जुनी खूण दिसत होती आणि मधले अंतर त्याला बरोबर वाटत नव्हते.

“बाई, जरा ताठ उभ्या राहा ना.”

“हीच ताठ,” बाई म्हणाल्या. “मारा खूण.”